थरावर थर

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन आवाज सुरू होतात. एक खलबत्त्यात वेलदोडे कुटण्याचा आणि दुसरा माजघरातल्या शिवणयंत्राचा. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी ह्यांतला दुसरा आवाज एकाएकी थांबला. आई नातीचा परकर शिवीत होती. मोटर घुं घुं करीत होती, पण सुई जागची हलेना. झाकण उघडून पाहिले तो आतून एक पांढरे दातेरी चाक निघाले. आकार रुपयाच्या नाण्याएवढा. त्याला आरपार तडा गेला होता आणि त्याचे तीन दाते झडून तळाशी पडले होते.

मी ते चाक रुमालात गुंडाळून बाजारपेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिले व सौम्यपणे सांगितले, "सर, हे मॉडेल कधीच बंद झालं. पार्ट येत नाही. मशीन एक्स्चेंजला आणा, पाचशे रुपये धरतो." बावीस वर्षे चाललेले दहा-अकरा किलोचे यंत्र; त्यातले लोखंड शाबूत, मोटर शाबूत, सुई शाबूत; आणि केवळ काही ग्रॅमच्या एका चाकापायी ते सारे मोडीत निघाले! घरी येऊन मी हे आईला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तीन दात पडले म्हणून माणसाला टाकून देतात होय रे?"

वाचकहो, आईच्या ह्या प्रश्नाने मला जुन्या-नव्या ग्रंथांत आणि मग एका नव्याच यंत्राच्या इतिहासात नेऊन सोडले. त्या वाटेवर जे भेटले ते आज फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवतो आहे.

आपल्या आजीच्या काळी घरातली वस्तू सहसा मरत नसे. ती फक्त जन्म बदलीत असे. जुने लुगडे गोधडीत जाई, गोधडी विरली की पायपुसणे होई. नेसती कापडे थोडी बरी असली तर दारावर आलेली बोहारीण ती घेऊन एखादे पातेले देई. तांब्याच्या हंड्याला पोचे पडले तर तांबट ते ठोकून काढी. आणि अगदीच फुटला तर मोडीच्या भावाने कासाराकडे जाऊन त्याचाच नवा हंडा होई. 'मोड' हा शब्दच पाहा. ती वस्तू मोडली असली तरी तिला भाव होता. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या जो ठोकठोक आवाज घुमला, त्यात नव्या भांड्यांइतकाच जुन्या भांड्यांच्या पुनर्जन्माचाही नाद होता. आज अर्थशास्त्रज्ञ ज्याला 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणतात, ती आपल्या घरात नाव न घेता नांदत होती. अर्थात त्यात गरिबीचा वाटा मोठा होता, हेही विसरू नये. आजीने गोधडी हौसेने शिवली तितकीच निरुपायानेही शिवली.

मग हे चक्र तुटले कुठे? तुटण्याचे एक कारण मोठे मौजेचे आहे, कारण ते एका फार उपकारक शोधात दडलेले आहे. तो शोध म्हणजे सुटा भाग, ज्याला आपण 'स्पेअर पार्ट' म्हणतो तो. पूर्वी प्रत्येक बंदूक एकेका कारागिराच्या हातून घडे. एकीचा चाप दुसरीला बसत नसे. १७८५ साली थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला होते. तेथे ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग त्यांच्यापुढे ठेवले. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जुळविले आणि ते बिनचूक जुळले! हा चमत्कार त्यांनी लगेच पत्राने मायदेशी कळविला. फ्रान्सात ही कल्पना फारशी रुजली नाही. परंतु पुढे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड व हार्पर्स फेरी येथील शस्त्रशाळांनी तिचा ध्यास घेतला. बंदुकीमागून घड्याळे, शिवणयंत्रे, सायकली आणि मोटारी आल्या.

ह्या शोधाने जगाचे भले झाले यात शंका नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट गावातून कायमची उठून गेली. बैलगाडीचा आरा मोडला तर गावचा सुतार नवा आरा बसवी. शिवणयंत्रातले दातेरी चाक मात्र गावचा कोणीच करू शकत नाही. ते करण्यासाठी पोलादी साचा लागतो, साचा महाग असतो, आणि लाखांनी नग काढले तरच तो परवडतो. कारखान्याने साचा मोडीत काढला की त्याच क्षणी घरोघरची हजारो धडधाकट यंत्रे अपंग होण्याच्या वाटेला लागतात. माझ्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. तो बिचारा एका न मिळणाऱ्या साच्याची बातमी मला देत होता.

आता घडविण्याच्या रीतीकडे वळू. माणसाने वस्तू घडविण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली काढून टाकण्याची. वेरूळचे कैलास लेणे हे तिचे महान उदाहरण. आठव्या शतकात शिल्पकारांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत नेले आणि नको असलेला दगड काढून टाकल्यावर मंदिर उरले. दुसरी ओतण्याची, देवघरातला बाळकृष्ण साच्यातून निघतो तो तिच्यामुळे. आणि तिसरी भर घालण्याची. ती तर सर्वांत साधी. गवंडी भिंत रचतो, कुंभार मातीची वळकटी वेटोळ्याने चढवितो, गांधीलमाशी घर बांधते, आणि दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात तोही ह्याच रीतीने. त्यात टाकून द्यावे लागत नाही. हवे तेथेच हवे तेवढे ठेवायचे.

ही तिसरी रीत यंत्राच्या हाती देण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १८९२ साली जोसेफ ब्लँथर ह्याला अमेरिकेत उठावाचे नकाशे करण्याच्या एका युक्तीबद्दल पेटंट मिळाले. भूगोलाच्या पुस्तकात समोच्चरेषा असतात. त्या प्रत्येक रेषेबरहुकूम मेणाचा एकेक पत्रा कापायचा आणि तो एकावर एक रचायचा, की डोंगर उभा राहतो. हे वाचताना मला हसू आले, कारण माझ्या वर्गातली मुले दरवर्षी जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून नेमका असाच सह्याद्री उभा करतात. पायऱ्यापायऱ्यांचा तो डोंगर खडबडीत दिसतो. पण पुठ्ठा जितका पातळ तितका उतार गुळगुळीत. आजच्या त्रिमिती मुद्रणाचे सारे मर्म ह्या एका वाक्यात आहे. वस्तूचे शेकडो पातळ काप संगणकात करायचे आणि यंत्राने ते खालून वर एकेक चढवीत जायचे.

परंतु कात्रीने पुठ्ठा कापणे वेगळे आणि यंत्राने आपसूक थर चढविणे वेगळे. त्याला आणखी नव्वद वर्षे लागली. जपानमधील नागोया शहराच्या औद्योगिक संशोधनशाळेत हिदेओ कोदामा नावाचे संशोधक होते. वर्तमानपत्राच्या छपाईसाठी प्रकाशाने घट्ट होणारी एक पातळ राळ तेव्हा वापरात आली होती. कोदामांच्या मनात आले, की ही राळ थरावर थर घट्ट करीत गेलो तर कागदावरची अक्षरेच काय, सबंध वस्तू छापता येईल. १९८० साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मात्र अर्जापुढची आवश्यक पायरी मुदतीत झाली नाही आणि हक्क हातचा गेला. पुढे हेच कोदामा पेटंटच्या कामातले तज्ज्ञ झाले!

१९८४ सालच्या जुलैत फ्रान्समधील तिघा संशोधकांनी अशाच रीतीचा अर्ज केला. पण धंद्याच्या दृष्टीने ह्यात काही दम नाही, असे मानून तो त्यांच्या वरिष्ठांनी सोडून दिला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ८ ऑगस्ट रोजी, अमेरिकेत चार्ल्स हल ह्यांचा अर्ज दाखल झाला. हल हे अतिनील दिव्यांच्या एका छोट्या कंपनीत कामाला होते. टेबलांच्या पृष्ठभागावरचा लेप ह्या दिव्यांनी वाळवीत. दिवसा कंपनीचे काम आणि रात्री स्वतःचे प्रयोग, असा त्यांचा क्रम चालला होता. १९८३ च्या मार्चमध्ये राळेच्या भांड्यातून त्यांची पहिली वस्तू वर आली. ती होती डोळे धुण्याची एक चिमुकली वाटी. जगाचा कारभार बदलू पाहणाऱ्या शोधाचे पहिले अपत्य एवढे साधे असावे, हे मला फार आवडले. हलना १९८६ साली पेटंट मिळाले. आणि १९९५ साली ब्रिटनमधले रँक पारितोषिक हल व कोदामा ह्या दोघांनाही देण्यात आले. उशिरा का होईना, न्याय झाला.

तिकडे टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड हा विद्यार्थी भुकटीचा थर पसरून लेसरच्या किरणाने हवा तेवढाच भाग वितळवून जोडीत होता. धातूची छपाई पुढे ह्याच वाटेने गेली. आणि स्कॉट क्रम्प ह्यांची गोष्ट तर प्रत्येक आईबापाला आपली वाटेल. १९८८ च्या सुमारास त्यांनी आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला. गोंद वितळवून सोडणारी बंदूक असते तीत प्लॅस्टिक व मेणबत्तीचे मेण घालून ते थरावर थर देत गेले. मेंदीचा कोन फिरवावा तशी ही रीत! हा कोन यंत्राच्या हाती दिला की झाला प्रिंटर. आज शाळा-कॉलेजांतून जी यंत्रे दिसतात ती बहुतेक ह्या बेडकाचीच वंशज आहेत.

मात्र वीस-पंचवीस वर्षे ही यंत्रे कारखान्यांच्या भिंतींआड राहिली. किमती भारी, आणि पेटंटांचे कुलूप. ते कुलूप खिळखिळे करण्याचे श्रेय इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बॉयर ह्यांच्याकडे जाते. २००५ च्या सुमारास त्यांनी असे यंत्र करावयास घेतले, की जे स्वतःचेच प्लॅस्टिकचे भाग छापील. आराखडे कुणालाही फुकट! २००८ साली त्यांच्या 'डार्विन' ह्या यंत्राने आपल्या पिल्लाचे भाग छापून दिले. मोटरी, सळ्या, तारा तेवढ्या बाजारातून आणाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी क्रम्प यांच्या मूळ पेटंटाची मुदत संपली, आणि लाखांच्या घरातले यंत्र हजारांच्या घरात येऊ लागले. आपल्याकडे नीती आयोगाने २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' ही योजना आणली आणि कितीतरी शाळांत हे प्रिंटर येऊन पोहोचले.

ह्या रीतीने बचत किती होते? एकच आकडा सांगतो. मे २०२४ मध्ये इस्रोने तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यातले छापलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. नेहमीच्या रीतीने हे इंजिन करण्यास ५६५ किलो धातू लागे, छापण्यास १३.७ किलो भुकटी पुरली. १४ भागांचा एकच भाग झाला आणि १९ ठिकाणची जोडकामे वाचली. कैलासाच्या शिल्पकारांनी काढलेला दगड कुणाच्या वाट्याची खाण संपवीत नव्हता. पण आजच्या धातूंच्या बाबतीत ही चैन परवडणारी नाही.

तरीही माझ्या मते ह्या यंत्राचा खरा उपयोग अग्निबाणात नसून माझ्या रुमालातल्या चाकात आहे. सुटा भाग गोदामात साठवून ठेवायचा म्हणजे जागा हवी, भांडवल हवे. पण भागाऐवजी त्याचा आराखडा साठवला तर? साचा मोडला तरी आराखडा मोडत नाही. जर्मनीच्या रेल्वेने २०१५ पासून जुन्या गाड्यांचे न मिळणारे भाग असे छापून घेण्यास सुरुवात केली. २०१४ च्या डिसेंबरात तर अमेरिकेच्या नासाने अंतराळस्थानकातील यात्रीला एक पाना पाठविला, तो यानातून नव्हे. पाठविला फक्त आराखडा. पाना तेथल्या तेथे छापला गेला. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर जे होते ते आमच्या बाजारपेठेत व्हायला काय हरकत आहे?

आणि छापण्यासाठी लागणारे प्लॅस्टिक? तेही कचऱ्यातून यावे, अशी धडपड जगभर चालली आहे. अमेरिकेत मिशिगन तंत्रविद्यापीठातील जोशुआ पिअर्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'रिसायकलबॉट' नावाचे यंत्र केले. त्यात टाकाऊ बाटल्यांचा चुरा घातला की प्रिंटरला लागणारी प्लॅस्टिकची तार निघते. पण मला अभिमानाची वाटते ती पुण्याची गोष्ट. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचक बाया संघटित झाल्या. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. २०१० नंतरच्या दशकात 'प्रोटोप्रिंट' नावाच्या पुण्यातल्याच एका उपक्रमाने ह्या बायांना बरोबर घेऊन शाम्पू-साबणाच्या डब्यांपासून प्रिंटरची तार काढण्याचा प्रयत्न केला. हिशेब सरळ होता. भंगारात किलोमागे मिळणारे चार पैसे आणि तयार तारेचा भाव यांत फार मोठे अंतर आहे. त्या अंतरातला काही वाटा वेचणारीच्या पदरी का पडू नये? बोहारणीच्या पाटीत जे शहाणपण होते तेच इथे नव्या रूपात दिसते.

परंतु शाळामास्तराने एका बाजूचेच सांगू नये. हा प्रिंटर म्हणजे काही कामधेनू नव्हे. छापताना आधारासाठी जे टेकू उभारावे लागतात ते नंतर कचऱ्यातच जातात. एखादा थर चुकला की सबंध वस्तू बाद. प्लॅस्टिक पुन्हा पुन्हा वितळविले की त्याचा दम कमी होतो. आणि एका जातीत दुसरी मिसळली तर तार धड निघतच नाही. मक्यापासून वा उसापासून केलेले पीएलए हे प्लॅस्टिक मातीत सहज मिसळते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्याला मोठ्या खतकारखान्यातली उष्णता लागते, परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे पडून राहते. हजारो नग एकसारखे हवे असतील तर साचाच स्वस्त. आणि सर्वांत मोठा धोका माणसाच्या स्वभावात आहे. यंत्र हाती आले की दुरुस्तीऐवजी शोभेची बाहुली छापण्याकडेच आपला हात वळतो. मग कचरा कमी होण्याऐवजी घरबसल्या कचऱ्याचाच कारखाना सुरू होतो.

म्हणून यंत्रापेक्षा विचार मोठा. केनेथ बोल्डिंग ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली पृथ्वीला अंतराळयानाची उपमा दिली. ह्या यानात बाहेरून काही येणार नाही आणि बाहेर टाकायलाही जागा नाही. १९७६ साली वॉल्टर स्टाहेल व जेनेव्हिएव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगासाठी केलेल्या अहवालात दाखविले, की वस्तू नवी करण्यात ऊर्जा खर्च होते तर जुनी दुरुस्त करण्यात माणसांना काम मिळते. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडले. युरोपीय संघाने २०२४ साली तसा कायदा केला. उद्या कारखान्याने साचा मोडताना निदान आराखडा तरी लोकांच्या हाती द्यावा, एवढी मागणी काही फार नाही.

आता माझ्या चाकाचे काय झाले ते सांगून पुरे करतो. आमच्या शाळेतला प्रिंटर दोन वर्षे कापडाखाली झाकून होता. दोष यंत्राचा नव्हता, आम्हा शिक्षकांच्या भीतीचा होता. बिघडले तर कुणाच्या अंगावर येईल? दिवाळीच्या सुटीत गावी आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ते कापड दूर केले. त्याने मोडके चाक व्हर्निअरने मोजले, उरलेले दाते मोजून झडलेल्यांची जागा ठरविली, संगणकावर चित्र काढले आणि तीन-चार तासांत चाक माझ्या तळहातावर ठेवले. आईने परकर पुढे शिवायला घेतला. दुसऱ्याच दिवशी मोटरच्या उष्णतेने चाक मऊ पडून दाते वाकले. मी खट्टू झालो, तो मात्र हसून म्हणाला, "सर, पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ होतं. हे नायलॉनचं करायला हवं होतं. चूक माझी." सुटी संपवून तो कॉलेजात गेला आणि तेथून नायलॉनचे चाक करून धाडले. त्याबरोबर चिठ्ठी होती, "आराखडा जपून ठेवलाय. पुन्हा मोडलं तर नुसतं कळवा."

ते चाक आज वर्षभर चालते आहे. ह्या वर्षी नातीचा परकर वेळेवर झाला. अंगणात मुलांनी किल्ला केला आहे. मागच्या वर्षीचीच माती, मागच्या वर्षीचेच मावळे, फक्त एका मावळ्याचा तुटलेला हात शाळेतल्या यंत्रावर छापून बसविलेला. मी हे लिहीत असताना माजघरातून शिवणयंत्राचा आवाज येतो आहे. आईला कोदामा ठाऊक नाहीत, हलही ठाऊक नाहीत. पण दात पडले म्हणून कुणाला टाकायचे नसते, हे तिला त्या सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होते.